कांदा, कुंभ आणि क्रिकेट: नाशिकमधले ६ प्रश्न आणि त्यांची उत्तरं देणारी नॉन-फिक्शन पुस्तकं

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि सोशल मीडियावर लगेच दोन गट पडले. एक म्हणत होता, सामान्य माणसाला कांदा स्वस्त मिळायला नको का? दुसरा म्हणत होता, शेतकऱ्यानं तोटा किती वर्षं सोसायचा? मे २०२४ मध्ये बंदी उठली, रील्स मागे पडल्या. प्रश्न मात्र तसाच राहिला. दर काही वर्षांनी हे पुन्हा पुन्हा का होतं?

या 'का'चं उत्तर साठ सेकंदांत मावत नाही. त्यासाठी पुस्तक लागतं. अडचण अशी आहे की 'नॉन-फिक्शन' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर पहाटे पाचला उठायला सांगणारी आणि श्रीमंत होण्याचे नियम सांगणारी पुस्तकंच येतात. त्यातली दोन-तीन वाचून कंटाळा आला की 'आपल्याला वाचन जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात कंटाळा वाचनाचा आलेला नसतो, एकाच प्रकारच्या पुस्तकांचा आलेला असतो.

नॉन-फिक्शन म्हणजे नेमकं काय?

सोपं उत्तर म्हणजे, जे कल्पित नाही ते. मराठीत याला 'कथेतर' किंवा 'ललितेतर' साहित्य असंही म्हणतात. प्रवासवर्णन, आत्मचरित्र, इतिहास, अर्थशास्त्र, निसर्ग, विज्ञान, खेळ हे सगळं यात येतं. मग यातून निवडायचं कसं? एक साधी युक्ती आहे. आधी पुस्तक शोधू नका, आधी प्रश्न शोधा. रोज दिसणारी, पण नीट न कळलेली एखादी गोष्ट घ्या आणि तिच्यावरचं पुस्तक उघडा.

नाशिक यासाठी उत्तम जागा आहे. इथे कांदा आहे, कुंभ आहे, मंदिरप्रवेशाच्या लढ्याचा इतिहास आहे, पक्षी आहेत आणि खेळाडूही आहेत. म्हणून नाशिकमधूनच निघालेले हे ६ प्रश्न.

१. कांद्याचा भाव पडला की शेतकरी रस्त्यावर का येतो?

वाचा: 'अंगारमळा', लेखक शरद जोशी

कांदा आंदोलनांचा इतिहास २०२३ पासून सुरू होत नाही. १९८० मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी मोठं आंदोलन झालं. रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या आणि शेतकरी संघटनेचं नाव देशभर पोचलं.

जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून भारतात आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून गरीब नाही, शेतमालाचा भाव धोरण म्हणून पाडला जातो म्हणून गरीब आहे. भाव वाढला की निर्यात रोखली जाते. भाव पडला की मात्र तो सावरायला तेवढ्याच तत्परतेनं कुणी येत नाही. 'अंगारमळा'मध्ये हा विचार त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून येतो, त्यामुळे आकडेमोडीची भीती वाटत नाही.

लक्षात ठेवा: हे एका नेत्याचं स्वतःचं म्हणणं आहे. जोशींच्या खुल्या बाजाराच्या भूमिकेवर शेतकरी चळवळीतूनही टीका झाली. म्हणून सोबत भानू काळे यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र 'अंगारवाटा' वाचलं तर चित्र जास्त पूर्ण होतं.

२. लाखोंच्या गर्दीत चालणारी माणसं एकमेकांशी कशी वागतात?

वाचा: इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख ('परिपूर्ती' या संग्रहातला) आणि विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'

आषाढीला त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. ड्रोननं काढलेल्या व्हिडिओत गर्दी दिसते, माणसं दिसत नाहीत.

इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या. वारीत त्या स्वतः चालल्या आणि चालता चालता आजूबाजूचं टिपत गेल्या. त्यांना भक्तीनं भारावलेली माणसं दिसली. त्याच वेळी एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या दिंडीतही जेवायच्या पंगती जातीनुसार वेगळ्या होत असल्याचं दिसलं. त्यांनी दोन्ही लिहिलं. श्रद्धेची टिंगल केली नाही आणि भेदभावावर पांघरूणही घातलं नाही. लेख छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो.

'माझा प्रवास' हे त्याहून जुनं आणि जास्त थरारक आहे. कोकणातल्या वरसई गावचे गोडसे भटजी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. कारण अगदी घरगुती होतं. घरावर कर्ज होतं आणि तिकडे होणाऱ्या यज्ञात चांगली दक्षिणा मिळेल अशी आशा होती. पण वाटेत उठाव सुरू झाला आणि इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरातच होते. सैन्य, लूट, भूक आणि जीव वाचवण्याची धडपड त्यांनी एका साध्या प्रवाशाच्या नजरेतून सांगितली आहे.

लक्षात ठेवा: हे लेखन घटनांनंतर कित्येक वर्षांनी आठवणीतून झालं. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी ते छापलं तेव्हा त्यात बदल केले होते. मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती नंतर दत्तो वामन पोतदारांनी काढली. घेताना आवृत्ती कोणती आहे ते पाहून घ्या.

३. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईला 'स्वतःचं मत' असणं कितपत परवडत होतं?

वाचा: 'स्मृतिचित्रे', लेखिका लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षी लग्न. औपचारिक शाळा नाही. पती नारायण वामन टिळक हे कवी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षं त्या पतीपासून वेगळ्या राहिल्या. नंतर त्याच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो पतीच्या मागून जायचं म्हणून नाही, तर सोवळं-ओवळं आणि जात यांवर स्वतः विचार करून.

एवढं सगळं सोसूनही पुस्तक रडकं नाही. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर आणि स्वतःच्या भाबडेपणावर त्या मनमोकळं हसतात. भाषा माजघरात बसून गप्पा माराव्यात तशी आहे. 'जुनी मराठी अवघड असते' असं वाटणाऱ्यांनी याची पहिली वीस पानं वाचून पाहावीत.

४. काळाराम मंदिर सत्याग्रहात बायका कुठे होत्या?

वाचा: 'आम्हीही इतिहास घडवला', लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे स्थानिक पातळीवरचे मुख्य नेते होते. लढा काही वर्षं चालला. शाळेत हा इतिहास दोन-चार ओळींत संपतो आणि त्या ओळींत नावं पुरुषांचीच असतात.

१९८९ मध्ये आलेलं हे पुस्तक ती रिकामी जागा भरतं. पवार आणि मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. परिषदा, सत्याग्रह, तुरुंग, धर्मांतर या सगळ्यात स्त्रिया कशा होत्या हे त्यांच्याच तोंडून येतं. ज्यांच्याबद्दल कागदोपत्री फारसं लिहिलंच गेलं नाही, त्यांचा इतिहास कसा लिहायचा, याचा हा धडा आहे.

५. पाणथळ जागेत पक्षी सोडून आणखी काय बघायचं?

वाचा: 'चकवाचांदण', लेखक मारुती चितमपल्ली

निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात इथे कॅमेऱ्यांची गर्दी असते. गंमत म्हणजे हे काही नैसर्गिक सरोवर नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा बांधला, गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले.

चितमपल्ली वनाधिकारी होते. विदर्भातली जंगलं त्यांनी नोकरी म्हणून पाहिली आणि विद्यार्थी म्हणूनही. 'चकवाचांदण' हे त्यांचं आत्मचरित्र. ते पुस्तकांइतकंच आदिवासी आणि गावकऱ्यांकडून शिकले. पक्ष्याचं स्थानिक नाव काय, ते का पडलं, तो कोणत्या झाडावर बसतो, हे सगळं त्यांच्यासाठी ज्ञानच होतं. पुस्तक जाडजूड आहे, पण सलग वाचायची सक्ती नाही.

६. खेळाडू कुठून येतात आणि पैसा कुठे जातो?

वाचा: मायकेल लुईस यांचं 'मनीबॉल', सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांचं 'सॉकरनॉमिक्स' आणि रामचंद्र गुहा यांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड'

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. याच देशात नाशिकच्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात उतरला. या खेळाशी त्याची ओळख लष्करात भरती झाल्यावर झाली. बोट, प्रशिक्षक आणि जेवणाचा खर्च उचलणारी संस्था भेटली नसती, तर दुष्काळी भागातला मुलगा या खेळापर्यंत पोचला असता का? क्रीडा अर्थशास्त्र असेच प्रश्न विचारतं.

'मनीबॉल' (२००३) ही बेसबॉलची गोष्ट आहे, पण बेसबॉल माहीत असायची गरज नाही. २००२ मध्ये ओकलंडच्या संघाचा पगारावरचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता, तर न्यूयॉर्क यांकीजचा सुमारे साडेबारा कोटी. त्या हंगामात दोघांनीही साखळीत १०३ सामने जिंकले. कसं? सगळे संघ उत्तुंग फटके मारणाऱ्यांवर पैसे उधळत होते. ओकलंडनं आकडेवारी पाहून असे खेळाडू स्वस्तात घेतले, जे घाई न करता, खराब चेंडू सोडून देत बेसवर पोचायचे. आयपीएल लिलावात 'एवढा महाग का घेतला?' असं ओरडणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

'सॉकरनॉमिक्स' (२००९) फुटबॉलमधल्या समजुती आकड्यांवर तपासतं. त्यातला एक गाजलेला निष्कर्ष असा की, क्लब खेळाडू विकत घ्यायला किती मोजतो यापेक्षा एकूण पगारावर किती खर्च करतो, यावरून त्याचं लीगमधलं स्थान जास्त चांगलं कळतं.

पण खेळात फक्त पैशाचा अडसर नसतो, हे गुहांचं पुस्तक (२००२) दाखवतं. त्यात पळवणकर बाळू भेटतात. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकीपटू पुण्याच्या मैदानावर कामाला होता आणि नेट्समध्ये इंग्रजांना गोलंदाजी करायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे ते सर्वांत भरवशाचे गोलंदाज होते, पण कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते १९४८ मध्ये आलं. जुन्या वाचनालयात दिसलं तर सोडू नका.

चांगलं नॉन-फिक्शन ओळखायचं कसं?

पुस्तक हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा.

लेखकाला हे कसं कळलं? तो तिथे होता, लोकांशी बोलला की कागदपत्रं पाहिली? हे पहिल्या प्रकरणापर्यंत लक्षात यायला हवं.

पुस्तक कधी लिहिलं? १९८० चं अर्थकारण आणि आजचं अर्थकारण यांत फरक आहे. जुनं पुस्तक टाकाऊ नसतं, पण सन पाहून वाचावं लागतं.

विरुद्ध बाजू आहे का? सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर देणाऱ्या पुस्तकापासून जरा जपून.

पुस्तकं मिळवायची कुठे?

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफची गरज नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, त्यामुळे 'स्मृतिचित्रे' आता कायदेशीररीत्या मोफत वाचता येतं. बाकीच्यांसाठी वाचनालय हा सर्वांत स्वस्त मार्ग. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे 'सावाना', १८४० पासून सुरू आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात तर वाचकांच्या गटाकडे पुस्तकांची पेटीच येते आणि काही महिन्यांनी ती बदलली जाते. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या दुबईपर्यंत पोचल्या आहेत.

सुरुवात कुठून करायची? एकच संध्याकाळ हातात असेल तर 'वाटचाल'. एक आठवडा असेल तर 'माझा प्रवास'. खेळाचं वेड असेल तर थेट 'मनीबॉल'. आणि पन्नास पानांत पुस्तकानं पकड घेतली नाही, तर बिनधास्त परत करून दुसरं आणा. वाचनालयाची वर्गणी त्यासाठीच तर भरायची असते.