शाळेंतील सभा ही उधळपट्टी नव्हे

मुलगा शाळेंत धडे घेण्यास जातो, सभा भरविण्यास नव्हे, असें म्हणणारे पालक आमच्या व्यापारी बंधूंत पुष्कळ आहेत. दहावीचें वर्ष जवळ आलें कीं प्रथम मुलाचें मैदान सुटतें, मग वक्तृत्वसभा व हस्तलिखित मासिक हीं सुटतात, आणि अखेर शिकवणी व घोकंपट्टी एवढेंच उरतें. हा हिशेब आमच्या मतें चुकीचा आहे. तो कां, हें मुंबईच्याच एका उदाहरणावरून दिसेल.

१८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं आपल्या अध्यापकांच्या साह्यानें साहित्य व शास्त्र या विषयांची एक सभा स्थापिली. निबंध वाचावे व त्यांवर वाद करावा, हा तिचा उद्योग. स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नावर तेथें चर्चा झाली, आणि ती शब्दांवरच थांबली नाहीं. १८४९ सालीं याच सभेच्या तरुणांनीं मुलींच्या शाळा उघडल्या, घरोघर जाऊन पालकांचीं मनें वळविलीं, व वेतन न घेतां स्वतः शिकविलें. त्या तरुणांत दादाभाई नौरोजी होते. नाना शंकरशेट यांच्यासारख्या धनिकांनीं या कार्यास आश्रय दिला.

हें बळ आलें कोठून? पुस्तकांतील प्रश्नाचें उत्तर आधींच ठरलेलें असतें. सभेंत तें शोधावें लागतें, प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें, आणि आपली चूक चारचौघांत कबूल करावी लागते. हे गुण पेढीवर उपयोगी पडत नाहींत, असें कोणता व्यापारी म्हणेल?

मात्र वार्षिक संमेलनांत चार हुशार मुलांनीं पाठ केलेलीं भाषणें म्हणून दाखवावीं व बाकीच्यांनीं टाळ्या वाजवाव्या, याला आम्ही सभा म्हणत नाहीं. आठवड्यास एक तास पुरे; पण त्यांत प्रत्येक मुलामुलीस आळीपाळीनें अध्यक्षपद, इतिवृत्तलेखन व जमाखर्च हीं कामें मिळालीं पाहिजेत, आणि स्वतःस न पटणारी बाजूही मांडावयास लावली पाहिजे. जो कधींच बोलत नाहीं, त्याच्यासाठींच ही सोय आहे.

अभ्यास व अभ्यासेतर उपक्रम यांत कडक भेद नसावा, असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही म्हटलें आहे. परंतु धोरण कागदावर राहतें. तास वेळापत्रकांत यावा लागतो, आणि तो पालकांनीं मागितल्यावांचून येत नाहीं. म्हणून आमची विनंति एवढीच: मुलास किती गुण मिळाले हें आपण विचारतांच, आज तूं काय बोललास व कोणाचें ऐकून घेतलेंस, हेंही विचारीत जा.