इतर हक्कातले नाव

कूळकायद्याने मिळालेली जमीन, खरेदीला दहा वर्षे उलटली असल्यास, आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून विकण्याची मोकळीक २०१४ मध्ये मिळाली आणि कसणाऱ्याचा जुना अडसर दूर झाला. मात्र ज्या कुळांची खरेदी कागदावर कधी पुरी झालीच नाही, त्यांच्या वाट्याला ही मोकळीक आली नाही. उलट महामार्ग आणि औद्योगिक वसाहत यांमुळे कागल परिसरात जमिनीला भाव आला, तसा मूळ मालकांच्या वारसांचा दावा अशा कुळांच्या दारी येण्याचा धोका वाढला.

कागल ही कोल्हापूर संस्थानाच्या मांडलिक घाटगे घराण्याची जहागीर. राजर्षी शाहू याच घराण्यात जन्मले आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून त्यांनी गावदप्तर पगारी तलाठ्यांच्या हाती दिले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५३ च्या कायद्याने विलीन प्रदेशातील जहागिऱ्या संपल्या. तरी मालक आणि फाळ्याने, म्हणजे ठरावीक खंडाने, जमीन कसणारे कूळ हे नाते गावोगाव तसेच उरले. कागलचेच आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त फाळ्याच्या मळ्यात राबणारे घर दिसते, ते याच नात्यातले.

खरे वळण आले ते १९५७ नंतरच्या दशकात. कूळकायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कायम कुळाला खंडाच्या सहापट आणि इतरांना आकाराच्या वीस ते दोनशे पट किंमत, तीही हप्त्यांनी, भरायची होती. ही किंमत कलम ३२ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण, म्हणजे त्या कामी नेमलेला मामलेदार, ठरवत असे; पण नोटीस मिळूनही कूळ हजर राहिले नाही किंवा खरेदीस तयार नाही असे नोंदले गेले, तर खरेदी निष्फळ ठरे. निरक्षर माणसाच्या अंगठ्याखाली ‘राजीखुशीने जमीन सोडतो’ असा मजकूर लिहून घेणाऱ्यांनी याच काळात कायद्याचा गाभा पोखरला, आणि ते त्यांच्या माथी कायमचे राहील.

त्या काळाबरोबर शब्दावर चालणारा विश्वासही गेला, याची हळहळ वाटते. परंतु पावती न मागता दिलेला फाळा हीच पुढे कुळाची सर्वांत मोठी उणीव ठरली. आजही एखादा सातबारा उघडला की भोगवटादाराच्या रकान्यात मयत मालकाच्या नावाला कंस, खाली वारसांची रांग आणि उजवीकडे ‘इतर हक्का’त कुळाचे एकटे नाव दिसते, तीन पिढ्यांचा घाम एवढ्या एका ओळीवर टिकलेला असतो.

वारसांची बाजू सर्वस्वी खोटी नाही. मालक विधवा, अज्ञान म्हणजे वयात न आलेला किंवा अपंग असल्यास कलम ३२फ ने खरेदी लांबणीवर टाकली, ती योग्यच होती. पण संरक्षण संपल्यावर वर्षभरात कुळाने नोटीस द्यावी ही अट, मालकीण केव्हा वारली हेही ज्याला कळत नसे, त्याच्यावर अन्यायाची होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी मुदत चुकलेल्या कुळाचा हक्क गेल्याचे मानले. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय मोडीत काढला आणि विधवेच्या वारसाने कुळाला कळवणे आवश्यक ठरवले. या वीस वर्षांत जी घरे हरली, त्यांना या दुरुस्त न्यायाचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

म्हणून ज्यांच्याकडे ३२ग चा निकाल आहे पण ३२म चे खरेदी प्रमाणपत्र नाही, त्यांनी दावा दाखल होण्याची वाट न पाहता तहसील कचेरीत अर्ज करावा, आणि नोंद करताना घरातल्या लेकीसुनांची नावे वगळू नयेत. जमीन कसणाऱ्याची हे कायद्याने १९५७ मध्येच सांगितले, ते कागदावर उतरवणे अजून बाकी आहे.