चोखणी सोडवताना

चोखणे ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असून पोट भरलेले असतानाही बाळाला तिच्यामुळे शांत वाटते. रबराची किंवा सिलिकॉनची चोखणी याच ओढीवर चालते. पहिल्या वर्षात झोपताना चोखणी दिल्यास आकस्मिक शिशुमृत्यूचा, म्हणजे निरोगी दिसणारे बाळ झोपेत अचानक दगावण्याचा, धोका कमी असल्याचे आढळले आहे, म्हणून तिला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र सवय लांबली, तर मध्यकर्णाच्या, म्हणजे कानाच्या पडद्यामागील पोकळीच्या, संसर्गाची शक्यता वाढते, आणि ती तिसऱ्या-चौथ्या वर्षापलीकडे टिकली, तर दाढा मिटल्यावरही पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. या दोषाला दंतवैद्य ‘ओपन बाइट’ म्हणतात, आणि सवय लवकर सुटल्यास तो बहुधा आपोआप भरून येतो.

चोखणी आधी फक्त झोपेपुरती ठेवावी, दिवसा नजरेआड करावी, आणि मग रात्री तिच्या जागी थोपटणे, अंगाई किंवा आवडती मऊ गोधडी द्यावी. आजारपण, धाकट्या भावंडाचा जन्म किंवा पाळणाघराची सुरुवात हे दिवस मात्र टाळावेत. चोखणीला मिरची किंवा कडुलिंब लावणे ही लहानग्या जिवाला दिलेली शिक्षाच आहे, आणि तिचे टोक कापणे तर धोक्याचे, कारण सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. काही मुले चोखणी सुटताच अंगठ्याकडे वळतात. अंगठा लपवून ठेवता येत नसल्याने ती सवय मोडणे अधिक अवघड जाते, म्हणून अशा वेळी मुलाचे हात खेळण्यांत गुंतवावेत.