शास्त्र सुलभ कसें होईल?

शास्त्रविषय कठीण आहे, अशी तक्रार विद्यार्थ्यांकडून व त्यांच्या पालकांकडूनही आमच्या कानांवर नेहमीं येते. ती अगदींच खोटी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु अडचणीचें मूळ विषयांत नसून तो शिकण्याच्या उलट्या क्रमांत आहे. मुलाच्या हातीं प्रथम व्याख्या पडते, मागाहून नियम येतो, आणि ज्या वस्तूसाठीं हा सारा खटाटोप ती वस्तु शेवटीं येते किंवा मुळींच येत नाहीं. ज्वलनाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या मुलास, "मेणबत्ती जळतांना मेण जातें कोठें?" असें विचारावें, म्हणजे तो गोंधळून उभा राहतो. यांत केवळ चार गुणांचें नुकसान असतें तर फारशी खंत नव्हती. पण असा मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षींच "शास्त्रांत आपलें डोकें चालत नाहीं" असा स्वतःविरुद्ध निकाल देऊन बसतो. आणि पुढें शेती, यंत्रें, रोग, औषधें यांविषयीं जो कोणी ठासून बोलेल त्याचें खरें मानून चालतो. हा तोटा जन्माचा आहे.

हा क्रम सुलट करून दाखविणारा थोर शिक्षक म्हणजे मायकेल फॅरडे होय. १७९१ सालीं इंग्लंडांत एका लोहाराच्या घरीं त्याचा जन्म झाला. शाळेचें शिक्षण बेताचेंच मिळाल्यावर तो लंडन शहरीं एका पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. बांधावयास येणारीं पुस्तकें तो वाचीत असे. त्यांत जेन मार्सेट या विदुषीनें १८०६ सालीं प्रसिद्ध केलेलें रसायनशास्त्रावरील पुस्तक त्याच्या हातीं लागलें. एक शिक्षिका व तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संभाषणांतून तो विषय त्यांत उलगडला आहे. फॅरडेनें त्यांतील गोष्टी आपल्या तुटपुंज्या साधनांनीं पडताळून पाहिल्या, त्या खऱ्या ठरल्या, आणि मगच त्याचा विश्वास बसला. १८१३ सालीं त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत मदतनिसाची जागा मिळाली. विजेच्या जनित्राचें मूळ असलेला शोध त्यानें १८३१ सालीं लाविला, तो याच संस्थेंत.

या संस्थेनें १८२५ सालापासून नाताळांत मुलांसाठीं शास्त्रीय व्याख्यानें सुरू केलीं. दुसऱ्या महायुद्धांतील खंड सोडल्यास तीं आजही चालू आहेत. फॅरडेनें यांपैकीं एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील अतिशय गाजलेल्या मालेचा विषय होता एक साधी मेणबत्ती! १८४८ च्या आणि पुन्हां १८६० च्या नाताळांत त्यानें मेणबत्तीवर सहा-सहा व्याख्यानें दिलीं, आणि विल्यम क्रुक्स यानें १८६१ सालीं तीं पुस्तकरूपानें छापलीं.

त्या व्याख्यानांची रीत पाहण्यासाठीं आमच्या विद्यार्थ्यांनीं कोणी वडीलधारें माणूस जवळ घेऊन पुढील चार गोष्टी करून पाहाव्या. मेणबत्ती फुंकून विझवावी. वातींतून पांढरा धूर वर येईल. वातीपासून दोन बोटें वर, त्या धुरांत पेटती काडी धरावी. ज्योत धुरावरून खालीं उडी घेते व वात पुन्हां पेटते. यावरून जळते ती मेणाची वाफ, घट्ट मेण नव्हे, हें कळतें. मग थंड चमच्याची पाठ क्षणभर ज्योतीच्या मध्यांत धरावी, काजळी धरते. आपल्या घरांतून आजीबाई दिव्यावर काजळ धरीत, तेंच हें. तो कार्बन होय, आणि त्याचे कण तापून झळकतात म्हणून ज्योत पिवळी दिसते. तिसऱ्यानें, कोरडा थंड पेला ज्योतीच्या वर थोडा वेळ उपडा धरावा. आंत दंव दिसेल. विस्तवांतून पाणी निघालें! शेवटीं, पेल्यांत जमलेल्या हवेंत चुन्याची निवळी घालून हलवावी. ती दुधासारखी होते. दुसऱ्या पेल्यांतील निवळींत नळीनें हळूच श्वास सोडावा (निवळी मात्र तोंडांत ओढूं नये). तीही तशीच पांढरी होते. ज्योत व आपला श्वास एकच वायु बाहेर टाकतात, तो कार्बन डाय-ऑक्साइड.

आतां मेण कोठें गेलें याचें उत्तर सांगावें लागत नाहीं. मेणांतील हायड्रोजनाचें पाणी झालें, कार्बनाचा वायु झाला, आणि दोहोंस हवेंतील प्राणवायु येऊन मिळाला. ज्वलनाची व्याख्या ती हीच; फक्त ती शेवटीं आली, म्हणून ती मुलाची स्वतःची झाली. फॅरडेचा स्वतःचा क्रमही हाच होता. द्रवांतून वीज जातांना काय घडतें हें त्यानें आधीं पाहिलें, आणि मग १८३४ सालीं केंब्रिजचे पंडित विल्यम ह्यूएल यांजकडे त्यासाठीं शब्द मागितले. ॲनोड, कॅथोड व आयन हीं नांवें त्यांनीं सुचविलीं. वस्तु आधीं, नांव मागाहून.

परंतु सुलभ करण्याच्या भरांत खोटें सांगूं नये, हेंही येथें बजावलें पाहिजे. ताटलींतील पाण्यांत मेणबत्ती लावून तीवर पेला उपडा घालण्याचा प्रयोग पुष्कळांस ठाऊक आहे. ज्योत विझते, पाणी आंत चढतें, आणि "हवेचा पांचवा हिस्सा प्राणवायु जळाला, तितकें पाणी चढलें" असें सांगून पाठ संपविला जातो. उत्तर सोपें आहे, पण बरोबर नाहीं. ज्योत विझते तेव्हां सारा प्राणवायु संपलेला नसतो. आणि जो खर्च होतो त्याची बरीचशी जागा नवा वायु भरून काढतो. पाणी चढण्याचें मुख्य कारण असें, कीं ज्योतीच्या उष्णतेनें फुगून हवेचा कांहीं भाग बाहेर गेलेला असतो. ज्योत विझतांच आंतली हवा निवून आकसते, व बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास आंत ढकलतो. पडताळा हवा असेल त्यानें त्याच पेल्याखालीं एकाऐवजीं तीन मेणबत्त्या लावाव्या. पाणी अधिक चढेल. प्राणवायु तर पेल्यांत पहिल्याइतकाच होता!

तात्पर्य, शास्त्र सुलभ करण्यास मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहावयास नको. मेणबत्ती, पेला व थोडा चुना एवढें साहित्य गरिबाच्या घरींही असतें. विद्यार्थ्यांनीं धडा वाचण्यापूर्वीं वस्तु पाहावी, जें दिसलें तें घरच्या भाषेंत लिहावें, आणि मग पुस्तकांतील शब्द त्यावर बसवावा. शिक्षकांनीं उत्तर देण्याची घाई करूं नये, आणि छापील उत्तर जरी असलें, तरी "हें खरें कशावरून?" असें विचारणाऱ्या मुलास उद्धट न समजतां पुढच्या बाकावर बसवावें. ज्या मुलानें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पडताळा घेतला, तो शास्त्रास भीत नाहीं, आणि ठासून बोलणाऱ्यासही भीत नाहीं.