मोरसची साखर आणि झाकरीचा फेर

आपल्या आजोबांच्या पिढीतला वाणी शुभ्र, दाणेदार साखरेला ‘मोरस’ म्हणत असे आणि गिऱ्हाईकही तो जिन्नस त्याच नावाने मागून नेत असे. परंतु हा ‘मोरस’ म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस बेट, आणि तिथला ऊस तोडणाऱ्या हातांपैकी काही हात आपल्याच कोकणपट्टीतले, ही गोष्ट पुडी सोडताना कोणाच्या ध्यानी येत नसे. साखर आली, तिचे नाव घरात रुळले. माणसे मात्र बहुतांशी तिकडचीच झाली. त्यांनी जाताना बरोबर काय नेले याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे प्रथम सरकारी दफ्तर हाती लागते आणि त्यानंतर, दफ्तरात कोठेही न नोंदलेला, एक नाच.

इंग्रजांनी हे बेट १८१० साली फ्रेंचांकडून घेतले आणि १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांनी त्यापूर्वीच हिंदुस्थानकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि तेव्हापासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे ठरावीक मुदतीच्या करारनाम्यावर अंगठा उठवून या बेटावर आली. ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश ‘गिरमिट’ झाला तो याच व्यवहारात. कलकत्त्याहून रवाना झालेल्यांची संख्या सर्वांत मोठी, त्याखालोखाल मद्रासची. मुंबई बंदरातून गेलेले त्यामानाने थोडे. १८४९ साली बांधण्यास घेतलेल्या, आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २००६ साली जागतिक वारसास्थळांत गणल्या गेलेल्या त्या डेपोच्या सोळा दगडी पायऱ्या चढून मजूर आत गेला, की कारकून त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा आणि अंगावरच्या खुणा लिहून घेई. पुढे पुढे छायाचित्रही काढले जाऊ लागले. ही दफ्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही आहेत, आणि आपला पूर्वज कोणत्या जहाजाने आला हे पाहण्यासाठी मॉरिशसचे लोक तेथे जातात. कारकुनाने जे लिहिले तेच बहुधा कायमचे नाव ठरले. ‘जी’ आणि ‘राव’ या प्रत्ययांनी संपणारी, मुळात कोणा पणजोबाचे पाळण्यातले नाव असलेली आडनावे तेथील मराठी माणसाला अजून ओळखू येतात.

वाकोआ, ब्लॅक रिव्हर, कास्काव्हेल या बाजूंना ही मंडळी स्थिरावली. हेन्रिएटा येथे एका मराठी कुटुंबाने १८९६ साली गणपती बसवला आणि बेटावरचा तो पहिला गणेशोत्सव, असे तेथील मराठी समाजात सांगतात. पुण्यातील सार्वजनिक उत्सवाचा आरंभ १८९३ चा, म्हणजे अवघा तीन वर्षांपूर्वीचा. त्यामुळे टिळकांच्या चळवळीची लाट समुद्रापार पोहोचली असे लिहून टाकण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. कोकणातला गणपती टिळकांच्या कितीतरी आधीपासून घरोघरी येत होता. मळ्यावरच्या झोपडीत आला तो हा घरचा पाहुणा असावा, मंडपातला नव्हे. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, आणि त्या निमित्ताने जी गीते म्हणत मराठी माणसे फेर धरतात त्यांस तेथे ‘झाकरी’ म्हणतात.

रत्नागिरीकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. झाकरी म्हणजे आपली जाखडी. भाताची लावणी उरकलेली आहे, पीक उभे आहे, पाऊस सरींनी पडतो आहे, आणि गौरी-गणपतीसाठी मुंबईचे चाकरमानी गावी आलेले आहेत, अशा वेळी अंगणात मधोमध गाणारे बुवा, ढोलकी आणि झांजा बसतात आणि भोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरून एका ठेक्यावर पाय आपटतात. आधी गण, मग गौळण, आणि रात्र चढली म्हणजे शक्तीवाले व तुरेवाले यांचे सवाल-जवाब: शक्ती श्रेष्ठ की शिव, हा न सुटणारा आणि कोणालाही न सोडवायचा वाद.

या नाचाचे दुसरे नाव ‘बाल्या नाच’. कानात बाळी घालणारा कोकणातला कुणबी गडी मुंबईच्या पांढरपेशा घरात भांडी घाशी आणि पाणी भरी. त्याला ‘बाल्या’ म्हणत, आणि त्या हाकेत माया असलीच तर थोडी आणि हेटाळणी पुष्कळ असे. मुंबईने जो नाच गड्याचा म्हणून दाराबाहेर ठेवला तोच मॉरिशसच्या मराठी समाजाने आपली ओळख म्हणून समारंभाच्या व्यासपीठावर नेला. ‘त्यांनी आपली संस्कृती जपली’ अशी शाबासकी आपले वक्ते तेथे जाऊन देतात, १९९१ साली जागतिक मराठी परिषद त्या बेटावर भरली तेव्हापासून तर फारच. परंतु ‘आपली’ म्हणण्याचा अधिकार या बाबतीत आपण कधी कमावला होता, हे त्यांतील कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. मराठी शाळेत शिकवली जाते, पूजेत ऐकू येते, पण घरातले बोलणे बहुतेक क्रिओलमध्ये चालते. भोजपुरीसारख्या मोठ्या समाजाच्या बोलीचीही हीच गत: घरात भोजपुरी बोलणारे २००० च्या शिरगणतीत शेकडा बारा होते, ते २०११ मध्ये पाचांवर आले. आणि तरीही लग्नाआधीचा ‘गीत-गवाई’ हा बायकांचा विधी टिकला. पाच सुवासिनी हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे वस्त्रात निवडून घेतात, बाकीच्या देवांची गाणी म्हणतात, वराची वा वधूची आई ढोलकाची पूजा करते, आणि मग शेजारणी-पाजारणींसह सगळ्याजणी नाचतात. २०१६ साली युनेस्कोने त्यास मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. सरिता बुधू यांच्या पुढाकाराने त्याच्या शाळाही निघाल्या. त्याआधी, २०१४ साली, आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा ‘सेगा’ त्या यादीत गेला होता. सेगातले ‘रावान’ हे बकऱ्याच्या कातड्याचे वाद्य वाजवण्यापूर्वी विस्तवावर शेकतात, जशी आपल्याकडे हलगी शेकतात. त्या बेटावर शेजारी राहूनही माणसे कदाचित परस्परांची भाषा नीट बोलली नसतील. कातडे कसे तापवावे हे मात्र दोघांनाही ठाऊक होते.

बोली रोजच्या गरजेची गुलाम असते. बाजारात दुसरी चालू लागली की ती मागे सरते. ठेका तसा नाही. तो वर्षातून एकदाच लागतो, पण लागतो तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही चालत नाही, आणि तो मुलाच्या पायात शब्दांचा अर्थ कळण्याआधी शिरतो. मूळ गाण्यातले शब्द यामुळे झिजले किंवा बदलले असतील. किती आणि कोठे, हे रत्नागिरीकडचे पद आणि मॉरिशसचे पद शेजारी ठेवल्याखेरीज कळणार नाही. तेव्हा पुढच्या भाद्रपदात जे वाचक कोकणात आपल्या गावी जाणार असतील त्यांनी एक रात्र जाखडीच्या अंगणात बसावे आणि पदाचा पहिला चरण, वाडीचे नाव व बुवांच्या गुरूचे नाव एवढे तरी वहीत टिपून आणावे.