चाकोरी आणि षटकोन

चाकोरी हा शब्द आपण आता बहुतेक सवयीसाठीच वापरतो. मुळात ती गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली रेघ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, वॉलवर्थ काउंटीत, चार्ल्स गॅल्पिन हा समाजशास्त्रज्ञ अशाच चाकोऱ्या बघत हिंडला. शेतघराची वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथे चाकं कुठल्या बाजूला वळली आहेत? ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या गावाशी त्या घराचा व्यवहार. एकेक घर बघत पुढे गेलं की वळणं उलटी होतात. तिथे एका गावाचा बाजार संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, सरकारी नकाशात तिथे हद्द असो वा नसो. दुकान, बँक, दूध, शाळा अशा एकेका गरजेचे नकाशे त्याने केले आणि १९१५ साली छापले.

कुठलं गाव किती मोठ्या परिसराचा बाजार होतं आणि अशी गावं एकमेकांपासून किती अंतरावर असतात, हे सांगणाऱ्या मध्यवर्ती स्थान सिद्धान्ताची सुरुवात मात्र भूगोलाची पुस्तकं १९३३ पासून धरतात. त्या वर्षी वाल्टर क्रिस्टालर या जर्मन अभ्यासकाचा दक्षिण जर्मनीतल्या गावांवरचा प्रबंध ग्रंथरूपाने आला. लहानपणी मावशीने दिलेल्या नकाशासंग्रहावर मनाने नवे रेल्वेमार्ग आखत बसणारा हा माणूस. त्याचा मुद्दा असा: गावाचा बाजार चहूबाजूंनी सारखा पसरला तर वर्तुळ होतं. पण वर्तुळं शेजारी शेजारी मांडली की मधे फटी राहतात. फट न ठेवता बसणाऱ्या आकारांत वर्तुळाच्या सर्वांत जवळचा तो षटकोन. हे झ्याँ रेनो या फ्रेंच अभियंत्याने १८४१ मध्येच मांडलं होतं, पण ते विसरलं गेलं. क्रिस्टालरने त्यात पायऱ्या बसवल्या: सर्वांत लहान बाजारगावं एकमेकांपासून साधारण ७ किलोमीटरवर, म्हणजे मधल्या कुठल्याही घरातून त्यांतलं एक पायी तासाभरात गाठता येईल अशी, त्यावरची १२, मग २१, मग ३६ किलोमीटरवर.

विद्यार्थ्यांच्या लक्षात षटकोनच राहतो. मला त्याची टेलिफोनची मोजणी जास्त मोलाची वाटते. समजा, प्रदेशात ५० माणसांमागे एक टेलिफोन आहे. मग २,००० वस्तीच्या गावात ४० हवेत. प्रत्यक्षात १०० असले, तर वरचे ६० आजूबाजूच्या खेड्यांसाठी वाजतात: डॉक्टरकडे, वकिलाकडे, घाऊक व्यापाऱ्याकडे. गावाचं मोठेपण डोकी मोजून कळत नाही, बाहेरून किती जण तिथे येतात यावरून कळतं, हे त्याने आकड्यांत धरलं. गॅल्पिन मातीत जे वाचत होता, तेच हे.

ऑगस्ट लॉश या दुसऱ्या जर्मनाने १९४० मध्ये ही मांडणी अर्थशास्त्राच्या पायावर नव्याने उभी केली. त्याने नाझी पक्षापुढे मान तुकवली नाही. मे १९४५ मध्ये, ३८ व्या वर्षी, तो गेला. क्रिस्टालर १९४० मध्ये त्याच पक्षात शिरला आणि नाझी नेता हिमलरच्या हाताखालच्या नियोजन कार्यालयात काम करू लागला. लोक कुठे जातात हे विचारणारा सिद्धान्त आता लोकांनी कुठे राहायचं हे ठरवायला बसला. काम होतं व्याप्त पोलंडमध्ये जर्मन वसाहतींची उतरंड आखण्याचं. तिथली पोलिश आणि ज्यू कुटुंबं घरांतून हाकलली जात होती, आणि त्याच जमिनीवर बाजारगावांची जागा कागदावर ठरत होती.