प्रथिन नियमनाची संगणकीय प्रतिमाने व स्वमग्नता

मेंदूतील तंत्रिका कोशिकांत (मज्जापेशींत) प्रथिने कोणत्या वेगाने तयार होतात व नाश पावतात, हे समीकरणांत मांडून त्याचा स्वमग्नतेशी असलेला संबंध संगणकाच्या साहाय्याने अभ्यासण्याची पद्धती. स्वमग्नतेचे वर्णन लीओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी व त्याच त्या कृतींची ओढ ही तिची मुख्य लक्षणे होत. उत्तर गोव्यासह भारतातील पाच क्षेत्रांत केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. बहुतेकांत एकच एक कारण सापडत नाही. प्रतिमाने मात्र मुख्यतः एकाच जीनमधील बदलामुळे उद्‌भवणाऱ्या मोजक्या विकारांवर आधारलेली आहेत, ही मर्यादा प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवी.

सर्वांत साध्या प्रतिमानात प्रथिनाची स्थिर पातळी म्हणजे निर्मितीचा वेग भागिले ऱ्हासाचा स्थिरांक. समजा, एखाद्या प्रथिनाचे अर्धायुष्य ५ दिवस आहे. निर्मिती दीडपट झाली, तर पातळीही दीडपट होते आणि त्या वाढीतील निम्मी वाढ ५ दिवसांत होते. निर्मिती तीच राहून ऱ्हास दोन-तृतीयांशावर आला, तरीही पातळी दीडपटच होते. परंतु निम्म्या वाढीस साडेसात दिवस लागतात. म्हणजे केवळ अंतिम पातळी मोजून मूळ बिघाड कोठे आहे, हे कळत नाही. काळानुसार होणारा बदल पाहावा लागतो. नाजूक एक्स विकारात एफएमआर-१ जीन (शोध १९९१) निष्क्रिय होऊन निर्मितीवरील लगाम सुटतो, तर यूबीई-३ए या जीनचे कार्य प्रथिनांच्या ऱ्हासाशी निगडित आहे.

प्रत्यक्षात ही प्रक्रिया इतकी सरळ नसते. निर्मितीचे नियंत्रण करणारी काही प्रथिने स्वतःच त्या निर्मितीतून उत्पन्न होतात. मग ती अनावर का होत नाही? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील प्रगती जैन व उपिंदर भल्ला यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात एमटॉर हे प्रथिन द्वारपालासारखे कार्य करते, एकदा दाबताच चालू राहणाऱ्या कळीसारखे नव्हे, असे आढळले. हे कार्य स्मृतीसंबंधीचे असले, तरी स्वमग्नतेच्या अभ्यासकांनाही ते उपयुक्त आहे.

पातळी वाढली म्हणजे विकार, असेही नाही. उंदरांवरील २०११ च्या प्रयोगांत नाजूक एक्स विकार व कंदयुक्त काठिण्य (टीएससी-२ जीनमधील बदल) यांत कोशिकांच्या संपर्कस्थानी होणाऱ्या प्रथिननिर्मितीचे बिघाड परस्परविरुद्ध दिशांचे आढळले; दोन्ही बदल एकत्र आणले असता ते परस्परांना सावरतात, असेही दिसले. साहजिकच एका विकारात हितकारक ठरणारे औषध दुसऱ्यात अपायकारक ठरू शकेल.

नाजूक एक्स विकारासाठी तयार केलेले मॅव्होग्ल्यूरंट हे औषध उंदरांत आशादायक ठरले होते. पण किशोरवयीन व प्रौढ रुग्णांवरील चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही (२०१६). उपचारांस उशीर झाला असावा, अशी एक शक्यता मांडली जाते. वर दिलेल्या समीकरणात वयाला स्थानच नाही.